नंबर खरा, करारनामा खोटा

लालबाग, काळाचौकी, चिंचपोकळी, करी रोड, शिवडी या पट्ट्यात तुमची चाळ रिडेव्हलपमेंटला निघाली असेल, बिल्डरचा भाड्याचा चेक हातात आला असेल किंवा यायचा असेल, आणि ओळखीतलाच कोणी "वहिनी, हेवीवर वन आरके आहे, भाडं झीरो" असं सांगत आला असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. आमचे आठ लाख गेले. आमच्याच चाळीतल्या आणखी काही बिऱ्हाडांचे गेले. माणूस तोच, पद्धत तीच.

हेवी म्हणजे काय, ते मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते. दरमहा भाडं द्यायचं नाही. त्याऐवजी मालकाकडे एकरकमी मोठं डिपॉझिट ठेवायचं आणि घर सोडताना ते जसंच्या तसं परत घ्यायचं. मालकाला बिनव्याजी पैसा मिळतो, आपलं भाडं वाचतं. मुंबईत हे वर्षानुवर्षं चालत आलंय, त्यात बेकायदेशीर काही नाही. म्हणूनच तर त्याच्या आडून फसवता येतं.

आमची चाळ पागडीची, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पागडी देऊन कायमची भाड्याने घेतलेली. सासरे गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणीचा भोंगा त्यांच्यापुरता कायमचा बंद झाला, पण खोलीचं भाडं नाममात्र असल्यामुळे घर टिकलं. आजूबाजूला गिरण्यांचे मॉल झाले, ऑफिसं झाली, आम्ही तिथेच राहिलो. गिरण्यांच्या जमिनीतला तिसरा हिस्सा घरांसाठी म्हाडाकडे यायचा होता. २००१ मध्ये नियम बदलून फक्त मोकळ्या जागेचीच वाटणी ठरली आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. हे एवढ्यासाठी सांगते की इथे आमच्यासारख्यांना परवडेल असं भाड्याचं घर आज का मिळत नाही, याचं उत्तर तिथपासून सुरू होतं.

नवं घर होईपर्यंत दुसरीकडे राहायला बिल्डरने आम्हाला महिना २४,००० भाडं ठरवलं आणि दोन वर्षांचं एकदम दिलं. परिसरात टॉवरमधल्या एका खोलीला बत्तीस-पस्तीस हजार मागतात. चाळीतली निम्मी माणसं बदलापूर, दिवा, नालासोपारा अशी पांगली. आम्हाला जाता येत नव्हतं. सासूबाईंचं डायलिसिस केईएमला आणि मुलगी दहावीला. अशा घराला हेवी म्हणजे देवच पावला असं वाटतं.

हा एजंट कोणी परका नव्हता. मंडळाच्या मांडवात वर्षानुवर्षं पावत्या फाडणारा, आमच्या संमतीपत्रांच्या वेळी टेबल टाकून बसलेला, म्हाताऱ्यांचे फॉर्म भरून देणारा मुलगा. गल्लीच्या तोंडाशी पूर्वी खानावळ होती, त्या गाळ्यात आता त्याचं काचेचं दार असलेलं इस्टेट एजन्सीचं ऑफिस. पाटीवर महारेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबरही होता. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. महारेराची एजंट नोंदणी ही प्रकल्पातल्या घरांच्या विक्रीसाठी असते. भाड्याच्या व्यवहाराशी तिचा काही संबंध नाही. तो नंबर खरा असला तरी तुमच्या डिपॉझिटला त्याचा काडीचा आधार नाही.

त्याने आमच्याकडे आठ लाख मागितले. शेजारच्यांची चाळीतली खोली थोडी मोठी होती, म्हणून बिल्डरकडून मिळालेलं भाडंही जास्त होतं, तर त्यांना नऊ सांगितले. नंतर सगळे एकत्र बसलो तेव्हा उलगडा झाला. ज्याला बिल्डरकडून जेवढं मिळालं, त्यात घरातलं सोनं गहाण टाकून जेवढी भर पडू शकते, तेवढाच आकडा त्याने प्रत्येकाला सांगितला होता. कोणाला कितीचा चेक मिळाला, ते त्याला तोंडपाठ होतं. चेकवाटपाच्या दिवशी नावं पुकारायला तोच उभा होता.

घर आमच्या मागच्याच गल्लीत. तिथली चाळ पाडून दोन टॉवर झालेत. पुढचा विक्रीचा, त्याचं गेट वेगळं, लिफ्ट वेगळी, खाली पाण्याचं कारंजं. मागचा जुन्या भाडेकरूंचा. त्यातल्या नवव्या मजल्यावरची ही खोली. कागद सगळे होते. मालकांच्या नावाचं लाइट बिल, भाडेकरूंच्या यादीची झेरॉक्स, बिल्डरचं ताबापत्र. "मालक गावाला असतात, कणकवलीकडे," म्हणून त्याने व्हिडिओ कॉल लावून दिला. पडवीत बनियनवर बसलेले एक आजोबा. म्हणाले, "आपलीच माणसं आहात, घर नीट वापरा, भिंतीला खिळे ठोकू नका." सासूबाईंनी त्यांना गावची पावसापाण्याची चौकशीही केली.

करारनाम्यासाठी एक पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. आमचे फोटो, अंगठे, आधार घेतलं. "मालकांचं गावाला करून घेतो," म्हणाला. आठवड्याभरात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याने राहायचा करार हातात आला. वर बारकोड, दस्त क्रमांक, दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव, सगळं. पाच लाख आरटीजीएसने "मालकांच्या मुलाच्या" खात्यात गेले. आडनाव जुळत होतं. तीन लाख रोख, "गावाला घराचं काम काढलंय" म्हणून. चावी मिळाली, आम्ही राहायला गेलो आणि काही महिने सगळं सुरळीत होतं.

मग एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात साठी ओलांडलेल्या एक बाई आणि त्यांचा मुलगा. "तुम्ही कोण? तीन महिन्यांचं भाडं थकलंय, फोन कोणी उचलत नाही." मी म्हटलं, "आम्ही हेवीवर आहोत, भाडं कसलं?" त्या आत आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि पिशवीतून त्यांनी आपला करारनामा काढला. मी कपाटातून आमचा आणला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. दस्त क्रमांक एकच. तारीख एकच. त्यांच्या कागदावर घर देणार त्या स्वतः आणि घेणार तो एजंट, महिना ३०,००० भाड्याने. आमच्या कागदावर देणार त्यांचे यजमान, घेणार माझा नवरा. पुढे बारकाईने पाहिलं तर आमच्या कागदावर नावांच्या ओळीतली अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड होती. आणि त्यांच्या कराराच्या शेवटी दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठे असलेलं जे पान होतं, ते आमच्यात नव्हतंच.

मी म्हटलं, "तुमच्या यजमानांशी आम्ही स्वतः बोललोय." त्या खाली बसल्या. यजमान वारून तीन वर्षं झाली होती. कागदांवर अजून त्यांचंच नाव होतं, एवढंच.

म्हणजे खेळ असा होता. त्याने बाईंकडून घर रीतसर महिना भाड्याने घेतलं, "कंपनीच्या स्टाफसाठी" म्हणून. तो करार खरा आणि नोंदलेला. त्याच कराराचा नंबर उचलून आमचा खोटा करार बनवला. आमच्या आठ लाखांतून बाईंना काही महिने भाडं दिलं. त्यामुळे त्यांना शंका नाही, आम्हाला शंका नाही. दरम्यान अशी आणखी घरं केली आणि मग ऑफिसला कुलूप. त्या बाईही गिरणी कामगाराच्याच घरातल्या. टॉवरचा मेंटेनन्स झेपेना, म्हणून मुलाकडे बदलापूरला गेलेल्या. त्यांनी आम्हाला लगेच बाहेर काढलं नाही, दहावीची परीक्षा होईपर्यंत भाड्याने राहू दिलं. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा वेळी फसलेले दोघे एकमेकांवरच तुटून पडतात आणि एजंट मोकळा सुटतो.

"तुम्हाला कळलं कसं नाही?" हे आम्हाला नातेवाइकांपासून हवालदारापर्यंत सगळ्यांनी विचारलं. मी उलट विचारते, विचारायचं कोणाला होतं? ते गृहस्थ वारल्याचं त्यांच्या जुन्या चाळीतल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. चाळीत कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या घरी तेरावं आहे, हे लपून राहायचंच नाही. पण नवव्या मजल्यावर आता त्या चाळीतलं एकही बिऱ्हाड नाही. सगळ्यांनी भाड्याने दिलीत. शेजारी टाटा हॉस्पिटलला उपचारासाठी आलेलं बिहारचं कुटुंब, पलीकडे लोअर परळला कामाला जाणारी तीन मुलं. वॉचमन एजन्सीचा, दर महिन्याला नवा. सोसायटी अजून स्थापनच झालेली नाही, त्यामुळे सेक्रेटरी नाही, एनओसी नाही. जे सांगू शकले असते ते सगळे लोकलने दीड तासावर.

बाहेरचे लोक म्हणतात, एरिया आता किती सेफ झालाय. एका अर्थी खरंच आहे. नव्वदच्या दशकात इथे टोळ्यांची दहशत होती. १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ भर रस्त्यात गोळ्या घातल्या, तेव्हाही मागे गिरणीच्या जमिनीचा विषय होताच. आज माझी भाची मॉलमधली ड्यूटी संपवून रात्री साडेअकराला एकटी चालत येते, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे आहेत. पण तेव्हा खंडणीचे फोन बिल्डरला आणि गिरणीमालकाला जायचे. आमच्या खोलीतून न्यायला होतं काय? आता प्रत्येक चाळकऱ्याच्या हातात पाच-सात लाखांचा चेक आहे आणि पुढे दीड-दोन कोटींचं घर यायचंय. लुटण्यालायक आम्ही पहिल्यांदाच झालोय आणि नेमकं त्याच वेळी शेजार मोडलाय.

आता उपयोगाचं. नोंदणी महानिरीक्षकांच्या, म्हणजे आयजीआर महाराष्ट्राच्या वेबसाइटवर ई-सर्च आहे. तिथे कार्यालय, वर्ष आणि दस्त क्रमांक टाकला की इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा दिसतो. करारावर नंबर आहे यावर थांबू नका. त्या नंबराखाली लिहून देणार आणि लिहून घेणार म्हणून कोणाची नावं आहेत ते वाचा. आमच्या बाबतीत हे काम पाच मिनिटांचं होतं, फक्त अशी सोय आहे हे चाळीत कोणाला ठाऊक नव्हतं. "नोंदणीला खूप खर्च येतो, नोटरी करू" असं कोणी म्हणालं, तर तेही खोटं आहे. हेवी डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्या रकमेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. दहा लाख डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा करार असेल, तर शुल्क अडीचशे रुपयांच्या आत येतं, वर मुंबईत नोंदणी फी १,०००. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावरच आहे.

मालक गावाला असेल तर गावाला जा. एसटीचं तिकीट आठ लाखांपेक्षा स्वस्त आहे. निदान त्या चाळीतलं जुनं एखादं माणूस शोधा, बदलापूरला असलं तरी. मालकाचं खातं म्हणजे मालकाचंच, मुलाचं नाही, पुतण्याचं नाही. रोख तर अजिबात नको. आमच्या तीन लाखांचा कुठेच पुरावा नाही, त्यामुळे तक्रारीत त्या रकमेवर आमच्या शब्दापलीकडे काही नाही.

पोलीस चौकीत पहिल्यांदा "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा" असं ऐकायला मिळेल. आम्हालाही मिळालं. भाडं थकणं दिवाणी असेल, पण खोटा दस्त बनवणं आणि मेलेल्या माणसाच्या नावाने पैसे घेणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे (लोक अजून चारशे वीसच म्हणतात), बनावट दस्तासाठी ३३६ आणि पुढची कलमं. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तीच तक्रार पोस्टाने उपायुक्तांना पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. आमचं काम हललं ते सगळी बिऱ्हाडं एकदम गेली तेव्हा. एकाच नंबरचे दोन करार टेबलावर ठेवल्यावर साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मूळ मालकीणबाईही आमच्या बाजूने जबाब द्यायला बदलापूरहून आल्या होत्या. गुन्हा दाखल झालाय, एजंट काही दिवस आत राहून जामिनावर बाहेर आलाय. पैसे अजून मिळालेले नाहीत, कधी मिळतील याची तारीख कोणी देत नाही.

पुढच्या गल्लीतल्या चाळीला आता खाली करायची नोटीस लागली आहे. चेकवाटप दिवाळीच्या आसपास होईल म्हणतात आणि गल्लीच्या तोंडाशी दोन नवीन एजंटांच्या पाट्या आत्ताच लागल्यात. ते चांगलेही असतील. तरी त्या चाळीतल्या कोणी हेवीचं घर ठरवलं असेल, तर टोकन द्यायच्या आधी कागद घेऊन माझ्याकडे या. संध्याकाळी सातनंतर मी घरी असते. मोबाइलवरच नंबर टाकून नावं पाहून देते.