कॅनडाच्या ॲडमिशनसाठी पुण्यातल्या कन्सल्टन्सीत २९,५०० रुपये भरले, त्याचा अनुभव

पाचपैकी दीड स्टार. त्यातला एक स्टार फक्त आयईएल्टीएस (परदेशी शिक्षणासाठीची इंग्रजीची परीक्षा) शिकवणाऱ्या सरांचा.

माझं कराडला कृषी सेवा केंद्र आहे. धाकटी लेक बी.एस्सी. ॲग्री झाली आणि कॅनडात एम.एस्सी. करायचं म्हणाली, तेव्हा घरात कुणालाच त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ओळखीच्यांनी सांगितलं म्हणून ऑगस्ट २०२४मध्ये पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत नाव घातलं. मुलगी सप्टेंबर २०२५मध्ये सस्काटूनला युनिव्हर्सिटी ऑफ सस्कॅचेवानमध्ये रुजू झाली, पण त्यात या कार्यालयाचा वाटा फार थोडा. त्यांचं नाव लिहीत नाही. आमचं काय झालं तेवढं वाचा आणि तुम्ही जिथे जाल तिथे हेच प्रश्न विचारा.

पहिल्या भेटीत तिथल्या समुपदेशक मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "बजेट किती आहे, काका?" मुलीचं शिक्षण काय, मार्क किती, कशात आवड आहे, हे सगळं त्यानंतर. जाहिरातीत समुपदेशन मोफत होतं. रजिस्ट्रेशनचे मात्र २५,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २९,५००. पैसे परत मिळणार नाहीत हे पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं, ते मी घरी येऊन वाचलं. ही चूक माझी.

मग त्यांनी ओंटारिओतल्या एका कॉलेजचा ग्लोबल बिझनेस मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा डिप्लोमा काढून दाखवला. मुलगी म्हणाली, मला कडधान्यांच्या पैदाशीत काम करायचंय, मास्टर्स करायचंय. त्यावर उत्तर आलं, "युनिव्हर्सिटीचं अवघड असतं गं, रिजेक्शन येतं. आधी डिप्लोमाने आत जा, पुढचं पुढे बघू." चार वर्षं तिने माती, बियाणं, रोग-किडी शिकण्यात घातली. ती सगळी बाजूला ठेवून पुन्हा डिप्लोमा का करायचा, हे आम्हाला काही केल्या पटेना.

मी मॅडमना सरळ विचारलं, कॉलेजकडून तुम्हाला काही मिळतं का? त्यांनी नाकारलं नाही. "ते सगळीकडेच असतं, काका." मला हे लगेच कळलं, कारण औषध कंपन्या आम्हालाही स्कीम देतात. एखाद्या बाटलीवर मार्जिन जास्त असतं, म्हणून करप्याला भुरीचं औषध देऊन चालत नाही. शेतकरी पुढच्या आठवड्यात तेच पान घेऊन दारात उभा राहतो. इथे मूल एकदा विमानात बसलं की परत दारात यायची सोय नाही. कॅनडातली कॉलेजं विद्यार्थी पाठवणाऱ्या एजंटांना कमिशन देतात, ही उघड गोष्ट आहे. प्रबंध लिहायच्या एम.एस्सी.ला मात्र प्राध्यापकाने स्वतः विद्यार्थी निवडायचा असतो. तिथे एजंटाला करण्यासारखं फारसं काही नसतं, मिळण्यासारखंही नसतं. युनिव्हर्सिटी 'अवघड' का, ते मला असं समजलं.

आता त्यांच्या माहितीपत्रकाबद्दल. आमच्या धंद्यात बियाण्याच्या प्रत्येक पिशवीवर लॉट नंबर, उगवणीचा टक्का आणि मुदत छापलेली असते. मुदत संपलेली पिशवी विकली तर परवाना जाऊ शकतो. कॅनडाच्या नियमांनाही अशीच मुदत असते, हे मला या वर्षभरात कळलं. डिसेंबर २०२४मध्ये आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तेच गुळगुळीत पत्रक हातात दिलं. त्यात लिहिलं होतं की एसडीएस या झटपट व्हिसाच्या योजनेतून २० दिवसांत व्हिसा. ती योजना कॅनडा सरकारने ८ नोव्हेंबर २०२४ला बंद केली होती. खर्चासाठी १०,००० कॅनेडियन डॉलर दाखवा, असं होतं. तो आकडा १ जानेवारी २०२४पासून २०,६३५ झाला होता. कोणताही कोर्स करा, तीन वर्षांचं वर्क परमिट नक्की, असंही होतं. पण १ नोव्हेंबर २०२४पासून स्टडी परमिटचा (तिथे शिकण्याच्या परवानगीचा) अर्ज करणाऱ्यांना कॉलेजच्या डिप्लोमानंतर वर्क परमिट हवं असेल, तर तो डिप्लोमा सरकारने ठरवलेल्या क्षेत्रांतला लागतो. तेव्हा ती क्षेत्रं होती शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, वाहतूक. त्यांनी सुचवलेला बिझनेसचा डिप्लोमा त्यात बसत नव्हता. बॅचलर्स, मास्टर्स, पीएच.डी.ला ही क्षेत्राची अट नाही. म्हणजे जो रस्ता आम्हाला सोपा म्हणून दाखवला, त्याच्या शेवटी नोकरीचं दार बंद होतं. हे त्या मॅडमना ठाऊक नव्हतं की ठाऊक असून सांगितलं नाही, ते मी सांगू शकत नाही. पण त्या दिवशी तिथे माझ्यासारखे आणखी पाच-सहा बाप फायली मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांच्याही हातात तेच पत्रक होतं. ती खोली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणखी दोन गोष्टी. मुलीच्या नावाने ईमेल आयडी कार्यालयाने उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. एका कॉलेजचं ऑफर लेटर त्यात येऊन ११ दिवस पडून होतं. बाराव्या दिवशी फोन आला की परवापर्यंत डिपॉझिट भरा, नाहीतर सीट जाईल. पासवर्ड मागून घेतला तेव्हा तारखा दिसल्या. दुसरं, एसओपी, म्हणजे का शिकायचंय ते सांगणारं अर्जासोबतचं निवेदन. आमच्याकडून एक फॉर्म भरून घेतला आणि चार दिवसांनी तीन पानांचं तयार निवेदन पाठवलं. दुसऱ्या पानावर लिहिलेलं, 'नागपुरात माझ्या वडिलांचा वाहनांच्या सुट्या भागांचा व्यवसाय आहे.' कुणा दुसऱ्या मुलाचा कागद, नाव तेवढं बदललेलं. हा कागद व्हिसा अधिकारी वाचतो. त्यावरून तो ठरवतो की हे मूल खरंच शिकायला चाललंय का आणि मुदत संपल्यावर देश सोडेल का. तो तसाच गेला असता तर? मुलीने ते वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग घरात बराच वेळ कुणी बोललं नाही.

आयईएल्टीएसचे सर मात्र फार मनापासून शिकवायचे. रविवारी ज्यादा तास घ्यायचे, निबंध लाल पेनने तपासून द्यायचे. मुलीला ७ बँड मिळाले ते त्यांच्यामुळे. नुसत्या क्लाससाठी जायचं असेल तर जरूर जा.

पुढचं सगळं तिने स्वतः केलं, आणि खरं तर यासाठीच हे लिहायला बसलो. युनिव्हर्सिटी ऑफ सस्कॅचेवानच्या साइटवर प्लांट सायन्सेस विभागातल्या प्राध्यापकांची यादी आहे, कोण कशावर काम करतं ते आहे. तिथल्या क्रॉप डेव्हलपमेंट सेंटरची सुरुवात १९७१ची. मसुराचं 'लेअर्ड' वाण तिथूनच १९७८मध्ये आलं. आज कॅनडा जगात सर्वांत जास्त मसूर निर्यात करतो आणि त्यातला बहुतेक सस्कॅचेवान प्रांतात पिकतो, आपल्या देशातही येतो. आम्ही कराडची माणसं, अख्खा मसूर आणि भाकरी हे आमचं ढाब्यावरचं जेवण. त्या मसुराचं मूळ शोधत मुलगी तिकडे जाईल असं कधी मनात आलं नव्हतं.

तिने तीन युनिव्हर्सिट्यांतल्या मिळून २३ प्राध्यापकांना मेल केले. एकच मजकूर सगळ्यांना नाही. प्रत्येकाचं काम वाचून, त्याला धरून दोन परिच्छेद, सोबत मार्क आणि एक पानाचा बायोडेटा. चौघांची उत्तरं आली. दोघांनी यंदा जागा नाही म्हणून नम्रपणे कळवलं, एकाने पुढच्या वर्षी विचारा म्हटलं, आणि एकाने मुलाखत ठेवली.

मुलाखत नोव्हेंबरात, आपल्या रात्री साडेनऊला. तिकडे सकाळचे दहा. आपल्यात आणि सस्काटूनमध्ये साडेअकरा तासांचा फरक, आणि तो बाराही महिने तेवढाच, कारण तो प्रांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. ती पुढच्या खोलीत, आम्ही दोघं स्वयंपाकघरात. आवाज नको म्हणून हिने मिक्सर तर लावला नाहीच, चटणीसुद्धा खलबत्त्यात न कुटता ठेवून दिली होती. प्राध्यापकांनी विचारलं की शेवटच्या वर्षी खेड्यावर कार्यानुभवाला होतीस, तेव्हा हरभऱ्यातली मर (रोपं वाळण्याचा रोग) कशी मोजलीस. ती सांगत होती: रानात पाच ठिकाणी एक-एक मीटरच्या खुणा केल्या, त्यातली एकूण रोपं आणि वाळलेली रोपं मोजली, वाळलेलं रोप उपटून मूळ उभं चिरून आत तपकिरी रेघ आहे का पाहिलं, कारण नुसतं वाळलेलं रोप पाण्यावाचूनही वाळतं. इंग्रजी अडखळत होतं, पण सांगणं स्वच्छ होतं. पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, त्यांनी बजेट नाही विचारलं."

डिसेंबरात रीतसर अर्ज गेला, फेब्रुवारीत ऑफर लेटर आलं, संशोधनासाठी दरमहा किती रक्कम मिळेल तेही त्यात लिहिलेलं होतं. २०२५मध्ये मास्टर्सलाही प्रांताचं शिफारसपत्र, ज्याला पीएएल म्हणतात, ते लागत होतं. ते आम्हाला विद्यापीठामार्फतच मिळालं. १ जानेवारी २०२६पासून सरकारी विद्यापीठांतल्या मास्टर्स आणि पीएच.डी.ला त्याची गरज राहिलेली नाही. बॅचलर्सला आणि कॉलेजला अजून लागतं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षाची फी, प्रवासखर्च आणि राहण्याचे २०,६३५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेबारा लाखांच्या आसपास, दाखवावे लागले. १ सप्टेंबर २०२५पासून हा आकडा २२,८९५ झाला आहे. आम्ही शैक्षणिक कर्ज काढलं आणि राहण्याचे पैसे जीआयसीमध्ये, म्हणजे कॅनडातल्या बँकेच्या ठेवीत, ठेवले. कन्सल्टन्सीत जीआयसीबद्दल असं बोलत होते की जणू ती आणखी एक फी आहे. तसं नाही. ते पैसे आपल्याच मुलाच्या नावावर कॅनडातल्या बँकेत राहतात. पोचल्यावर काही रक्कम हातात येते आणि उरलेली वर्षभर हप्त्यांनी. एसडीएस बंद झाल्यापासून जीआयसीची सक्ती नाही, पण पुरावा म्हणून चालते, आणि परक्या गावात पहिल्या महिन्यात मुलाच्या हाताशी पैसे असतात.

स्टडी परमिटचा अर्ज तिने एप्रिलमध्ये कॅनडा सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर स्वतः भरला. १५० डॉलर अर्जाचे, ८५ बायोमेट्रिकचे. ठसे आणि फोटो पुण्याच्या व्हीएफएस केंद्रात (व्हिसा अर्जांची कामं करणारं केंद्र), अर्ध्या तासात मोकळे. वैद्यकीय तपासणी मात्र खात्याच्या यादीतल्या डॉक्टरकडेच करावी लागते, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही. निवेदन तिने मराठीत विचार करून, इंग्रजीत साध्या वाक्यांत लिहिलं: दुकान, हरभऱ्याची मर, तिकडे काय शिकणार, परत येऊन इथे काय करता येईल. दीड पान. जूनमध्ये पासपोर्ट मागवल्याची मेल आली. पासपोर्टवर येतो तो व्हिसा. स्टडी परमिटचा कागद कॅनडात पहिल्या विमानतळावर अधिकारी हातात देतो, म्हणून खात्याकडून आलेलं परवानगीचं पत्र सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.

ज्यांना मदत लागतेच त्यांच्यासाठी: कॅनडाच्या कायद्याप्रमाणे पैसे घेऊन इमिग्रेशनच्या अर्जात सल्ला देणारा माणूस वकील, नोंदणीकृत कायदा-सहायक (पॅरालीगल), क्यूबेकचा नोटरी किंवा तिथल्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेचा (तिला 'कॉलेज' म्हणतात) परवानाधारक असावा लागतो. परवानाधारकांची यादी ऑनलाइन आहे, नाव टाकलं की दिसतं. आमच्या कार्यालयात मी परवाना क्रमांक विचारला तेव्हा "मॅनेजर सरांना विचारून सांगते" म्हणाल्या. दोनदा विचारला, मिळाला नाही. मी खताची एक गोणी विकतो तरी परवाना भिंतीवर लावलेला असतो. ही गोष्ट मी पहिल्या दिवशी विचारायला हवी होती.

२९,५००मधले निम्मे तरी परत द्या म्हणून तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. एका गोष्टीसाठी मात्र त्यांचा फोन आला, जुलैच्या पहिल्या आठवड्यात. मुलीचा व्हिसा झाल्याचं त्यांना क्लासच्या सरांकडून कळलं होतं. पासपोर्ट हातात धरलेला तिचा एक फोटो हवा होता, कार्यालयाच्या भिंतीवर लावायला, 'आमची विद्यार्थिनी' म्हणून. फोन तिनेच घेतला. क्लासच्या भिंतीवर सरांच्या नावाखाली लावणार असाल तर पाठवते, म्हणाली. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.