दत्तक घेतलेल्या गावठी कुत्र्याचं सामान: सोलापुरात काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून घरी आणलेलं कुत्रं पहिल्या काही आठवड्यांत पळून जाण्याची भीती सर्वात जास्त असते. ओढणं, भुंकणं, गुरगुरणं नंतर सुधारता येतं. विजापूर रोडच्या रहदारीत सुटलेलं कुत्रं मात्र परत मिळेलच असं नाही. म्हणून सामान घेताना आधी एवढंच बघायचं की घाबरून कुत्रं उलटं सरकलं, तर ते यातून निसटेल का.

साधा गळपट्टा इथेच नापास होतो. गावठी कुत्र्याचं डोकं निमुळतं, मान जवळपास तेवढीच जाड. मान खाली घालून ते मागे सरकलं की पट्टा कानांवरून निघून येतो. त्यावर उपाय म्हणून चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी, पुढे केली जाते. ती अजिबात घेऊ नका. समोर दुसरं कुत्रं दिसलं आणि त्याच क्षणी गळा आवळला गेला, की दुसरं कुत्रं म्हणजे वेदना हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. मग ते आणखी लांबूनच भुंकायला लागतं. घशाला इजा होते ती वेगळीच.

खरे पैसे हार्नेसवर, म्हणजे छाती आणि पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांवर घालावेत. छातीवर आडवा पट्टा असलेला प्रकार सगळीकडे दिसतो, पण तो खांद्याची हालचाल अडवतो आणि उलट सरकल्यावर डोक्यावरून सहज निघतो. पुढून इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दिसणारा घ्या. त्यातही तीन पट्ट्यांचा मिळाला तर उत्तम. त्याचा तिसरा पट्टा शेवटच्या बरगडीमागे, कमरेच्या बारीक भागावर बसतो. बरगड्यांचा घेर कमरेपेक्षा मोठा असल्यामुळे तो पुढे सरकूच शकत नाही. भित्र्या कुत्र्यासाठी आमची पहिली पसंती हीच. दुकानात नसेल तर बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून साध्या हार्नेसला २५ मिमी रुंदीची नायलॉन पट्टी आणि बक्कल जोडून घेता येतं. जोडावर चौकोन आणि त्यात फुलीची शिलाई मागा. नुसती सरळ शिलाई झटक्याने उसवते.

मापाच्या बाबतीत एस, एम, एल या अक्षरांवर विसंबू नका. खोल छाती आणि बारीक कंबर या बांध्याला ती मापं क्वचितच बसतात. टेपने मानेच्या बुंध्याचा आणि पुढच्या पायांमागे चार बोटं सोडून छातीचा घेर मोजा. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट जावीत. पट्टा काखेला टेकला तर घासून जखम होते, आणि मग हार्नेस दिसला की कुत्रं कॉटखाली जाऊन बसतं.

लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, दोन ते तीन मीटरची साधी पट्टी असावी, आणि मैदानात सरावासाठी पाच मीटरची. आपोआप गुंडाळली जाणारी लीश टाळाच. हातातून सुटली की तिची प्लास्टिकची मूठ खडखडत कुत्र्याच्या मागे येते आणि ते जीव तोडून पळतं. फिरताना कमरेच्या पिशवीत हरभऱ्याएवढे उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवा. दुसरं कुत्रं दिसलं, पण आपलं अजून भुंकलेलं नाही, तेवढ्यातच तुकडा द्या आणि वळून चालू लागा. तुकडा घेतच नसेल तर अंतर फार कमी आहे, आणखी लांब जा.

मझलबद्दल, म्हणजे चावू नये म्हणून कुत्र्याच्या तोंडावर चढवायच्या मुसक्याबद्दल, सोलापुरात विशेष सांगायला हवं. तोंड घट्ट बांधणारा कापडी मझल एप्रिल-मे महिन्यांत जिवावर बेतू शकतो. कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकतं मुख्यतः तेव्हाच त्याचं अंग थंड होतं, आणि इथे पारा ४० अंशांच्या वर जातो. जाळीचाच घ्या, तोही आत पूर्ण तोंड उघडता येईल एवढा. आधी काही दिवस जाळीला आतून घट्ट दही लावून कुत्र्याला स्वतःहून नाक घालू द्या. बक्कल नंतर, तेही आधी एक-दोन सेकंदच. मझल डॉक्टरकडे नेताना उपयोगी आहे. भुंकणं थांबवायला किंवा एकटं ठेवताना तो घालू नये.

कुरतडण्यासाठी पोकळ रबरी खेळणं चांगलं. नख दाबून बघा, खूण उमटली नाही तर ते दातांसाठी फार कडक आहे. आत दह्यात भिजवलेली ज्वारीची भाकरी आणि उकडलेलं अंडं भरा, उन्हाळ्यात गोठवून द्या. शेंगाचटणी लावलेली भाकरी मात्र नको. तिच्यातला लसूण कुत्र्यांना विषारी असतो. खाताना गुरगुरत असेल तर भांड्यात हात घालून परीक्षा घेऊ नका. दोन मीटरवरून जाता जाता चांगला तुकडा टाका आणि पुढे निघा. गुरगुरल्याबद्दल मारलं तर पुढच्या वेळी ते सूचना न देता चावेल.

फटाक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ‘शांत करणाऱ्या’ बिस्किटांवर भिस्त ठेवू नका. दिवाळी किंवा जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतलं शोभेचं दारूकाम येण्याच्या काही आठवडे आधीच डॉक्टरांशी बोला. फक्त अ‍ॅसेप्रोमॅझिन या गुंगीच्या औषधाने शरीर सुस्त होतं, भीती तशीच राहते. भीती कमी करणारं औषध मागा आणि त्याचा डोस एखाद्या शांत दिवशी आधी देऊन बघा. त्या संध्याकाळी अंधार पडण्याआधी फिरवून आणा, कुत्र्याला खाली लपता यावं म्हणून टेबलावर जाड सोलापुरी चादर टाकून तीन बाजू झाका आणि बाहेरचा आवाज दबावा म्हणून कूलर चालू ठेवा. चादर कुरतडणारं कुत्रं असेल तर ती काढून घ्या, गिळलेले लांब धागे आतड्यात अडकतात.

हार्नेसची शिलाई आणि बक्कल दर आठवड्याला हाताने ओढून तपासा. बक्कलला बारीक तडा दिसला तर ते त्याच दिवशी बदलून घ्या.