गोळ्यांची गजरवाली डबी : पाचपैकी चार स्टार

वाई आगारात २९ वर्षं एसटी चालवली. पसरणी घाटातलं एकेक वळण हाताला पाठ होतं. आता ७१व्या वर्षी मोरीच्या दारात वळायचं म्हटलं तर बायको मागं उभी राहून कंडक्टरसारखी 'येऊ द्या, येऊ द्या' करते. पार्किन्सन होऊन सहा वर्षं झाली, म्हणजे हालचाल मंदावणारा, अंग थरथरवणारा मेंदूचा आजार.

ही डबी सूनबाईनं ऑनलाइन मागवली, ६४९ रुपयांना. पाच कप्पे, पाच गजर. मला या आजारावरच्या लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्याही दिवसाला पाचच. ही गोळी रक्तात फार टिकत नाही, दीडेक तासात निम्मी होते. पहिली काही वर्षं त्याचं काही वाटलं नाही. आता पुढची गोळी यायच्या आत मागची उतरलेली असते. आधी मोबाइलवर गजर लावायचो, पण तो बंद करून 'घेतो जरा वेळानं' म्हणायची खोड. असाच एकदा चाळीस मिनिटं उशीर झाला. स्वयंपाकघराच्या दारात वळताना पाय फरशीला चिकटले, वरचं धड पुढं गेलं आणि कोपरावर आपटलो. त्यानंतर ही डबी आली.

चार महिने वेळ चुकलेली नाही, त्यामुळे फरक मोजता आला. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायला सकाळच्या गोळीआधी ३४ पावलं लागतात. गोळीनंतर पाऊण तासानं २१. टोकाला उलटं वळायला आधी ११ आणि नंतर ६. चांगला होतो तेव्हा दोन-तीन पावलांत वळायचो. म्हणजे सरळ रस्ता बराच दुरुस्त झाला, वळणावर खड्डे राहिलेच. डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, गोळीनं पाऊल लांब पडतं, वेग येतो, वळणंही सुधारतं, पण तोल सावरायचं काम तिला तितकं जमत नाही. खरा धोका इथंच आहे. गोळी चढली की मी झपाझप चालतो आणि त्याच तोऱ्यात गर्रकन वळायला जातो. उतारावर गाडी न्यूट्रलला टाकणारे ड्रायव्हर असतात ना, तसं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दम दिलाय : जागेवर फिरायचं नाही, स्टँडात एसटी वळवायचात तसा मोठा वळसा घ्यायचा. हे मला लगेच कळलं.

आता डबीचे दोष. झाकण भलतंच घट्ट आहे. गजर होतो तेव्हा मागच्या गोळीचा असर संपलेला असतो, बोटं चालत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच हे झाकण नखानं उचकटायचं! बनवणाऱ्यानं ही डबी कुणासाठी बनवली देव जाणे. गजर मिनिटभरात आपोआप बंद होतो. कंपनावर लावून खिशात ठेवली तर थरथर तिची की माझी, कळत नाही.

घेणाऱ्यांनी गजर जेवणाच्या वेळा बघून लावावेत. मी गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतो. डाळ, अंडी, दूध यांच्यातली प्रथिनं आणि ही गोळी आतड्यात एकाच दारातून आत शिरतात, मग गर्दीत गोळी मागं राहते. तुमच्या वेळा मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा आणि मनानं गोळी बंद करू नका.

विक्रेत्याला झाकणाबद्दल कळवलं. 'दुसऱ्या हातानं उघडून पाहा' असं उत्तर आलं. शेवटी सूनबाईनंच प्रत्येक झाकणाला जुन्या पायजम्याच्या नाडीचा तुकडा चिकटवून शेपूट काढलं. ओढलं की उघडतं. एवढं कंपनीनं केलं तर कापलेला स्टार परत देईन.