भारताच्या तीन भिंती-नकाशांचा मराठी संच: एक परीक्षण

पर्जन्यमान, लोकसंख्येची घनता आणि दरडोई उत्पन्न असे भारताचे तीन नकाशे असलेल्या या संचाची खरी किंमत ते शेजारीशेजारी टांगल्यावर कळते. 2011 च्या जनगणनेनुसार बिहारमध्ये दर चौरस किलोमीटरला 1106 माणसे राहतात, तर अरुणाचल प्रदेशात अवघी 17. गंगेच्या गाळाची सपाट, पाणीदार जमीन आणि हिमालयातील उभे, जंगलांनी भरलेले उतार यांतील फरक या आकड्यांत उतरला आहे. उत्पन्नाच्या नकाशावर मात्र हाच सुपीक बिहार सर्वांत फिकट रंगात दिसतो आणि चिमुकला गोवा सर्वांत गडद. सुपीक जमीन म्हणजे संपन्नता, हा समज तिथेच मोडतो.

पर्जन्याचा नकाशा समपर्जन्यरेषांनी, म्हणजे सारखा पाऊस पडणारी ठिकाणे जोडणाऱ्या रेषांनी, काढल्यामुळे सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआड असल्याने कमी पावसाचा, पट्टा स्पष्ट उठून दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात जेमतेम 500. उरलेले दोन्ही नकाशे राज्यनिहाय रंगवले असल्याने मुंबई आणि गडचिरोली एकाच रंगात बुडून जातात, ही माझ्या मते संचातील मोठी उणीव आहे; जिल्हानिहाय रंग सहज देता आले असते.

छपाई सुबक असून जोडाक्षरे कुठेही फुटलेली नाहीत. लॅमिनेशन मात्र इतके चकचकीत आहे की ट्यूबलाइटखाली ईशान्येकडील राज्यांची नावे वाचताना मान वाकडी करावी लागते.