गुढीपाडव्याला घेतलेला ॲक्टिव्ह बेस, आठ महिन्यांनी

नवरात्राची पाचवी रात्र. साधारण साडेदहाला गरब्याची तीन ताळी संपून हींच (गरब्याचाच दुसरा ताल) सुरू झाली आणि माझ्या बेस गिटारमधून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज यायला लागला. आधी वाटलं, मिक्सरवाल्यानं काहीतरी केलं. त्याच्याकडे पाहिलं तर तो माझ्याकडेच पाहत होता. दोन आवर्तनांत आवाज निम्मा झाला, पुढच्या दोन आवर्तनांत नुसती खरखर, मग तीही गेली. कीबोर्डवाल्यानं माझ्याकडे न बघता डावा हात खाली सरकवला आणि माझी ओळ वाजवायला घेतली. पुढची पंचवीस मिनिटं मी गळ्यात लाकूड अडकवून, मैदानभर लोकांसमोर, नुसती बोटं हलवत उभा होतो. दुसऱ्या दिवशी फोनवर रेकॉर्डिंग बघून बायको म्हणाली, "त्या हींचमध्ये तुझा बेस छान लागलाय." तो कीबोर्डचा होता.

बडोद्यात गरब्याला बेस वाजवणाऱ्यांना हे कुठं लागतं ते कळेल. पुष्कळ ग्रुप वेगळा बेसवाला ठेवतच नाहीत, ढोल आणि कीबोर्डचा डावा हात यांत त्यांचं भागतं. जिथं ठेवतात तिथं दर रात्री आपली गरज पटवून द्यावी लागते. मी त्या रात्री उलटंच पटवून दिलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. दुकानदाराशी माझा वाद अजून मिटलेला नाही, आणि मित्रांचे याच किमतीतले दोन बेस उघडून पाहिले तर आत हेच होतं. ॲक्टिव्ह, म्हणजे आत सेलवर चालणारा प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट). चौतीस इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), चार तारा, दोन हंबकर पिकअप (तारांची थरथर पकडणारे), आवाजाचा पोत बदलणारा तीन नॉबचा ईक्यू, पॅसिव्ह स्विच (सेलशिवाय वाजवायचा) नाही.  'पॅसिव्ह स्विच नाही' हे मी घेताना वाचलं आणि सोडून दिलं.

आधी चांगलं सांगतो, कारण पहिले तीन महिने मी या बेसवर खूश होतो. माझा जुना बेस पॅसिव्ह, बिनसेलचा. घरी ठीक वाजायचा, पण मैदानावर दहा मीटरची लीड (केबल) लावली की त्यावर कोणी गोधडी टाकल्यासारखं व्हायचं. कारण साधं आहे: पॅसिव्ह पिकअपचा सिग्नल नाजूक असतो आणि लांब केबल त्यातला वरचा, टोकदार भाग खाऊन टाकते. ॲक्टिव्हमध्ये प्रीॲम्प गिटारच्या आतच असतो, त्यामुळे जॅकमधून बाहेर पडतो तो दमदार सिग्नल, त्याला लांबीचं फारसं काही वाटत नाही. साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जोडणारा डबा) लावला तरी भागतं, मिक्सरवाल्याकडे ४८ व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरमधून केबलवाटे येणारी वीज) मागत बसावं लागत नाही. पहिल्या साउंडचेकला मी मधला नॉब जरा वर केला आणि ढोलाच्या गदारोळातही माझी प्रत्येक टीप मला वेगळी ऐकू आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी दोन माणसांना हा बेस घ्यायला लावला असता. एकाला लावलाच.

मग जुलै. लीड जिथं घालतात त्या जॅकची नट सैल झाली. हे सगळ्याच गिटारींचं होतं: लीड लावता-काढता जॅक आत थोडा थोडा फिरतो. पॅसिव्हमध्ये बहुतेक वेळा नुसती खरखर येते. इथं आतली काळी वायर पिळवटून तुटली आणि बेस मेला. दुकानात नेला. काउंटरवरचा मुलगा वॉरंटी कार्ड उलटसुलट करत म्हणाला, "कंपनीमां मोकलवुं पडशे. वीस-पचीस दिवस तो थशे ज." (कंपनीत पाठवावा लागेल, वीस-पंचवीस दिवस तरी लागतीलच.) एका वायरसाठी! मी म्हटलं, तुमच्याकडे सोल्डर आहे, मी इथंच उभा आहे, लावून द्या. तर म्हणे, झाकण उघडलं की वॉरंटी जाते. घरी आलो, झाकण उघडलं, वॉरंटी गेली, दहा मिनिटांत वायर लागली. नटखाली दातेरी वॉशर घातला, तेव्हापासून ती हललेली नाही. हा वॉशर हार्डवेअरच्या दुकानात सुट्टा मिळतो. नवा बेस घरी आला की पहिल्याच दिवशी घाला.

आता सेल. नऊ व्होल्टचा, चौकोनी, पूर्वी ट्रान्झिस्टरमध्ये असायचा तो. त्याच्या पत्र्याच्या आत दीड व्होल्टचे सहा बारके सेल एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून दिसतो तेवढा दम त्यात नसतो. एप्रिल ते सप्टेंबर मी असे पाच बदलले. आणि बदलायचे कसे? मागे प्लास्टिकचं झाकण, त्याला चार बारके स्क्रू, ते थेट लाकडात. नखानं उघडणारा डबा बसवायला कंपनीला किती खर्च आला असता? पाचव्या रात्री मध्यंतरात मी फोनच्या टॉर्चवर स्क्रू काढत होतो. एक गवतात पडला. तो गेला तो गेलाच, आता तिथं चिकटपट्टी आहे. १९५१ सालच्या फेंडरच्या प्रिसिजन बेसमध्ये सेल नव्हता आणि जगाचं काही अडलं नाही. १९७६ ला म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे बेस आला, तेव्हापासून बेसवाल्यांच्या मागे हे सेलचं लचांड सर्रास लागलं. ज्या बेसचा आवाज पंचवीस रुपयांच्या वस्तूवर टांगलेला आहे आणि ती वस्तू संपल्यावर ज्याला दुसरी वाटच नाही, तो बेस घेऊ नका.

इथपर्यंतचं दिवाळीच्या आधी, रागात लिहून ठेवलं होतं. आता नोव्हेंबर संपत आलाय. शेवटचं वाक्य मागे घेतो. अर्धं.

झालं असं की दिवाळीनंतर मी बेस घेऊन रावपुऱ्यात एका काकांकडे गेलो. आयुष्यभर रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केलेला माणूस, आता दुकानात निम्म्या वेळा गप्पाच असतात. म्हटलं, "काका, याचं सर्किट सेल खातंय. कुठेतरी लीकेज आहे."

"सेल दे."

मी दिला. काकांनी तो सरळ जिभेला लावला. "मेलाय. दुसरा आणलायस?"

मग त्यांनी नवा सेल, मधे मीटर आणि पुढे बेस असं जोडलं. काटा नाही, आकड्यांचा मीटर: शून्य. "आता लीड घाल." घातली. २.८ मिलिॲम्पियर. "काढ." शून्य. "घाल." २.८. असं तीनदा करायला लावलं, लहान मुलाला शिकवतात तसं.

"लीकेज नाही," काका म्हणाले. "घरी वाजवून झालं की काय करतोस?"

"ॲम्प बंद करतो. बेस स्टँडवर ठेवतो."

"लीड?"

मी गप्प.

ज्यांना हे माहीत आहे त्यांनी आता हसून घ्यावं. ॲक्टिव्ह बेसला चालू-बंद करायचा खटका नसतो, जॅक हाच खटका. तो स्टीरिओ जॅक असतो, त्याच्या मधल्या कड्याला सेलची काळी वायर जोडलेली असते. आपली साधी मोनो पिन आत गेली की तिचा लांब दांडा ते कडं आणि अर्थ एकमेकांना जोडतो, आणि प्रीॲम्प जागा होतो. ॲम्प चालू आहे की नाही, नॉब शून्यावर आहे की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. लीड आत म्हणजे सेल चालू. मी कित्येकदा लीड आतच ठेवून झोपत होतो.

काकांनी जुन्या बिलाच्या पाठीवर हिशोब केला. चांगला अल्कलाइन सेल ५०० मिलिॲम्पियर-तासांच्या आसपास. भागिले २.८, म्हणजे साधारण १७८ तास. रोज दोन तास वाजवून लीड काढली तर जवळजवळ तीन महिने. लीड आत ठेवली तर साडेसात दिवस. आणि मी अल्कलाइन कुठे घालत होतो? पंचवीस रुपयांचा जस्त-कार्बनवाला, त्यात दम अजून कमी. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नवा सेल घातला होता आणि रोज रात्री घरी येऊन, उद्या पुन्हा सराव आहे म्हणून, बेस लीडसकट स्टँडवर. पाचव्या रात्री मेला. हिशोब बरोबर जुळतो, मला जुळायला नको होता.

काकांच्या मीटरमध्येही तोच चौकोनी सेल. विचारलं, "हा कधी बदललात?"

"दोन वर्षं झाली. मी मीटर बंद करतो."

त्यांनी पैसे घेतले नाहीत. माझ्या मते त्या वाक्याचेच वसूल झाले.

तर सेल खातो हा आरोप मागे. आता अल्कलाइन घालतो आणि त्यावर पट्टी चिकटवून तारीख लिहितो. कार्यक्रमाच्या आधी मीटरवर साडेआठ व्होल्टच्या खाली दिसला तर तो सेल घरच्या सरावाला. यूएसबीवर चार्ज होणारा लिथियमचाही आणून पाहिला, काटकसर म्हणून. माझ्याकडचा ट्रेबल वाढवला की बारीक शिट्टी मारतो, आणि संपताना आधी कसलीच सूचना देत नाही, एकदम खटकन बंद. साधा सेल निदान फाटक्या आवाजात ओरडून तरी जातो. लिथियमचा आता मुलीच्या खेळण्यात आहे.

पण पॅसिव्ह स्विच नाही हा राग कायम, त्यावर माझ्या चुकीचं पांघरूण कुणी घालू नये. पिकअप तर पॅसिव्हच आहेत, प्रीॲम्पला वळसा घालून सिग्नल सरळ जॅकला नेणारा एक छोटा दोन बाजूंचा टॉगल, बस. सेल मेला तरी ईक्यू जाईल, आवाज राहील, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात त्याच्या जागी राहील.

बसणं-उभं राहणं यावर थोडं, कारण नऊ रात्री तीन-तीन तास म्हणजे हे सेलइतकंच महत्त्वाचं. बाथरूममधल्या वजनकाट्यावर बेस घेऊन आणि न घेता उभा राहिलो: फरक ४.३ किलो. वजन चालेल, पण याचं डोकं जड आहे. हात सोडला की नेक जमिनीकडे जाते, मग डावा हात वाजवायचं सोडून नेक उचलून धरतो आणि तिसऱ्या रात्री मनगट बोलायला लागतं. सोबत आलेला नायलॉनचा दोन इंची पट्टा रेशमी केडियावर (गरब्याचा घेरदार अंगरखा) लोण्यासारखा घसरतो. चामड्याचं काम करणाऱ्याकडून साडेतीन इंच रुंद, आतून खरखरीत पट्टा शिवून घेतला, ३५० रुपये. डोकं खाली जाणं ऐंशी टक्के थांबलं. पट्टा एवढा आखूड ठेवा की उभं राहिल्यावर बेस बसल्यावेळच्याच उंचीवर येईल. खाली लोंबणारा बेस फोटोत झकास दिसतो, मनगट मात्र काटकोनात वळतं. आणि केडियाच्या आरशांनी बेसच्या पाठीवर ओरखडे आले आहेत, मधे जुना टॉवेल लावा. मी लावला नाही.

पावसाळ्यात नेक पुढे झुकली, तारा वर आल्या. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जाड तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघायची. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं तर ठीक. माझ्याकडे दोन सरकली. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव आटा कसला, रात्रभर ठेवला, सकाळी पुन्हा पाहिलं. एका वेळी पाव आट्याच्या वर जाऊ नका आणि बेसबरोबर आलेलीच ॲलन की वापरा.

तारा. ४५-१०५ जाडीचा सेट दोन हजारांच्या आसपास, म्हणून मी जुन्या उकळतो. दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, मग पुसून उन्हात पूर्ण वाळवायच्या. वळशांत अडकलेला घाम आणि मळ सुटतो, आवाज दोन-तीन आठवडे नव्यासारखा खणखणतो. मग पुन्हा मढं. एकाच सेटला दोनदा केलं, तिसऱ्यांदा जाड तार खुंटीपाशी तुटली. आईनं ते पातेलं आता वेगळं काढून ठेवलंय, त्यात दूध तापवायचं नाही अशी सक्त ताकीद आहे.

ज्याला मी हा बेस घ्यायला लावला होता त्याचा परवा फोन आला, सेल फार लवकर संपतो म्हणून. मी विचारलं, "लीड?" तो गप्प.

शनिवारी काकांकडे टॉगल बसवायला जातोय. त्यांनी मजुरीसकट दोनशे सांगितलेत. मी दीडशे म्हणणार आहे.