पावसाचे आकडे: एक्सेल बरं की 'आर'?

नवी मुंबईच्या पावसावर कॉलेजचा प्रकल्प करायचा म्हटला की तक्ता साधारण ठरलेला: बेलापूर, नेरूळ, वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, दिघा असे सहा स्तंभ आणि जून ते सप्टेंबरच्या १२२ ओळी. एवढ्याशा आकड्यांना एक्सेल आणि 'आर' (आकडेवारीच्या कामाची संगणकभाषा) ही दोन्ही साधनं पुरून उरतात. माध्य, मध्यक, प्रमाण विचलन दोन्हीकडे एकच येतं, त्यामुळे त्यावरून निवड करू नये.

नजर फिरवायला एक्सेल उत्तम. कुणी ४५.० ऐवजी ४५० टाइप केलं असेल तर स्तंभ उतरत्या क्रमाने लावताच सापडतं. हिस्टोग्रामही झटपट निघतो. बॉक्स प्लॉटला, म्हणजे मधले निम्मे आकडे पेटीत दाखवणाऱ्या आलेखाला, मात्र जपून. एक्सेलचं 'क्वार्टाइल' हे जुनं सूत्र मध्यक धरून चतुर्थक (आकड्यांचे चार समान भाग पाडणाऱ्या सीमा) काढतं, आलेख मूळ सेटिंगवर तो वगळून. मग तक्त्यातला आकडा आणि चित्रातली पेटी जुळत नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतात.

रिकाम्या घरांचा प्रश्न याहून मोठा. पाऊस नसलेल्या दिवशी काही जण ० लिहितात, काही जण जागा कोरी सोडतात. एक्सेलची सरासरी कोरी घरं गुपचूप वगळते. समजा एकूण पाऊस २४४० मिमी आणि ४२ घरं कोरी, तर १२२ ने भागून २० मिमी यायला हवेत तिथे ८० ने भागून ३०.५ येतात. 'आर' अशा वेळी उत्तरच देत नाही, नुसतं 'एनए' (माहिती उपलब्ध नाही) दाखवतं. कोरं म्हणजे शून्य की नोंदच नाही, हे तुम्हाला ठरवावंच लागतं. सुरुवातीला याचा वैताग येतो, हे कबूल.

माझा कल ठरला तो मात्र तारखांवरून. विंडोजचा रीजन अमेरिकेचा असेल आणि फाइलमध्ये तारखा आपल्या पद्धतीने, दिवस आधी, लिहिलेल्या असतील, तर एक्सेल पहिला आकडा महिना समजतं आणि १३ पासून पुढच्या ७४ तारखा मजकूर म्हणून सोडून देतं. त्या घराच्या डावीकडे चिकटतात, म्हणून निदान दिसतात तरी. खरा घात उरलेल्या ४८ तारखांचा. १ जुलैची ७ जानेवारी होते, आणि ती दिसायला अगदी शहाण्यासारखी असते. ४८ पैकी बरोबर राहतात फक्त चार: ६ जून, ७ जुलै, ८ ऑगस्ट, ९ सप्टेंबर. आता १ ते ३१ जुलै अशी अट घालून सरासरी काढा. एरर येत नाही, आकडाही पटण्यासारखा येतो, पण तो असतो ७ जून, ७ जुलै, ७ ऑगस्ट आणि ७ सप्टेंबर या चार दिवसांचा!

'आर' फाइल वाचताना अशा तारखांना हातच लावत नाही. दिवस-महिना-वर्ष हा साचा आपणच द्यायचा. तो न देता रूपांतर केलं तर पहिला आकडा वर्ष धरला जातो आणि १ जुलै २०२३ ची इसवी सन १ मधली २० जुलै होते. चूकच, पण डोळ्यांत खुपणारी. शिवाय मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि पुढच्या पावसाळ्याच्या फाइलवर तीच स्क्रिप्ट, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या आज्ञा, चालते.

एकच तक्ता, एकदाच, आणि उद्या सकाळी द्यायचा असेल तर एक्सेलला नावं ठेवण्यात अर्थ नाही. आठवडाभराची सवड असेल तर 'आर'च्या वाटेने जाऊन पाहावं. एक्सेलवरच राहणार असाल तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल डबल क्लिक करून उघडू नका. कोऱ्या शीटवर 'डेटा' मेन्यूतून ती आत घ्या, तारखेच्या स्तंभाला दिवस-महिना-वर्ष हा क्रम सांगा, आणि सरासरीआधी जुलैच्या ओळी मोजा. ३१ भरल्या तरच पुढे जा.