एकट्याने वाजवावे, तिघांनी की दोघांनी?

इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या क्षेत्रात मी गेली नऊ वर्षे आहे आणि या काळात तिन्ही प्रकार करून पाहिले आहेत. पहिली चार वर्षे आम्ही तिघे एका नावाखाली ट्रॅक तयार करत आणि वाजवत होतो. त्यानंतर एक जण नोकरीसाठी पुण्याला गेला, दुसऱ्याचे लग्न झाले आणि पुढची तीन वर्षे मी एकटाच राहिलो. गेल्या दोन वर्षांपासून त्या लग्न झालेल्या मित्राबरोबर पुन्हा जोडीने काम सुरू केले आहे. कंट्रोलर (ट्रॅक एकमेकांत मिसळून वाजवण्याचे यंत्र) कोणता घ्यावा किंवा बीट कशी जुळवावी हे ज्याला सांगण्याची गरज नाही, पण पोस्टरवर नाव एकट्याचे छापावे की गटाचे हे ज्याचे अजून ठरलेले नाही, अशा नागपूरकराला समोर ठेवून हे लिहितो आहे.

पैशाचा विचार केला तर एकट्याचे पारडे उघडच जड आहे. आयोजक डोकी मोजून मानधन देत नाही, नावाचे देतो. त्यामुळे तिघांच्या वाट्याला एकतृतीयांशच येते. तरीही नागपुरात राहून हा हिशेब थोडा वेगळा लागतो. वर्धा, अमरावती किंवा चंद्रपूरचा कार्यक्रम असेल तर तिघे आणि सामान एकाच गाडीत मावते आणि डिझेल एकाला लागते तेवढेच लागते. शिवाय परतीच्या वाटेवर रात्री दोन वाजता गाडी चालवणाऱ्याला जागे ठेवायला कोणीतरी असते. पुण्या-मुंबईच्या बुकिंगमध्ये मात्र गट अडचणीत येतो, कारण तिकडचा आयोजक एक तिकीट आणि एक खोली देऊ करतो. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्याने प्रवास सोपा झाला आहे, पण तिघांच्या राहण्या-जेवणाचा खर्च रस्ता चांगला झाल्याने कमी होत नाही. ब्रिटनमधल्या ‘अबव्ह अँड बियाँड’ या 2000 साली सुरू झालेल्या त्रिकुटाचे दोनच सदस्य बहुतेक कार्यक्रमांना वाजवताना दिसतात, हे मला पूर्वी विचित्र वाटायचे. पुण्याच्या दोन फेऱ्या पदरमोड करून केल्यानंतर त्यातले शहाणपण पटले.

मंचावरही तिसरा माणूस बहुधा जास्तीचाच होतो. आपल्याकडचे बहुतेक कार्यक्रम लॉनवर होतात आणि ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार उघड्या जागेवरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात, सवलतीच्या मोजक्या दिवशी बारापर्यंत चालतात. जेवणे, भाषणे आणि पाहुण्यांचा उशीर वजा जाता हाती दीड-दोन तास उरतात. एवढ्या वेळात एका मिक्सरवर दोघांचे चार हात कसेबसे सामावतात. तिसऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही, म्हणून तो हात वर करून लोकांना नाचायला सांगतो; आमच्या गटात चार वर्षे तो तिसरा बहुतेक वेळा मीच होतो. याउलट एकटा वाजवणारा कन्सोल, म्हणजे मिक्सर मांडलेले टेबल, सोडूच शकत नाही. जनरेटरवाल्याशी बोलायचे असो, वधूच्या मामांची फर्माईश ऐकायची असो किंवा नुसते पाणी प्यायचे असो, सगळे पुढच्या ट्रॅकच्या आत उरकावे लागते. कानांचाही प्रश्न आहेच. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे धरले, तर दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो आणि 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटे उरतात. कन्सोलजवळच्या मॉनिटर स्पीकरसमोर त्याहून कमी आवाज मी क्वचितच अनुभवला आहे. जोडीदार असला की निम्मा वेळ तरी बाजूला सरकता येते.

निर्मितीच्या कामात गटाच्या दोन अडचणी खऱ्या आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली सॉफ्टवेअरची. आमच्यात एक एफएल स्टुडिओवर काम करायचा आणि दुसरा एबलटन लाइव्हवर. एकाची प्रोजेक्ट फाइल दुसऱ्याकडे उघडत नाही, म्हणून प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र स्टेम, म्हणजे फक्त त्या वाद्याची ध्वनिफाइल, काढून द्यावा लागे आणि एकदा स्टेम काढले की आतला एखादा सूर बदलण्यासाठी पुन्हा मूळ मालकाचे दार ठोठवावे लागे. आता आम्ही दोघांनी एकच सॉफ्टवेअर, त्याची एकच आवृत्ती आणि तेच प्लगइन (त्यात जोडायची छोटी पूरक सॉफ्टवेअर) घेतले आहेत, त्यामुळे ही कटकट संपली. दुसरी अडचण हक्कांची. पुण्याला गेलेल्या मित्राने वर्षभराने विचारले की अमुक धून कोणाची, तेव्हा तिघांकडेही कागद नव्हता आणि चार वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदाच आवाज चढले. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संयुक्त कृतीची तरतूद आहे आणि अशा कृतीवरचा हक्क शेवटच्या हयात निर्मात्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. म्हणजे हे भांडण आपल्या नातवंडांपर्यंतही जाऊ शकते. ट्रॅक पूर्ण होईल त्याच दिवशी टक्केवारी लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात, एवढेच याबाबत सांगता येईल.

आता ज्या एका कटकटीने माझा निर्णय झाला ती सांगतो. ती मानधनाची नाही, नावाचीही नाही. ती कूलरची आहे.

माझी कामाची खोली नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली आहे. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत तिथे काय होते हे नागपूरच्या वाचकाला सांगायला नको. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा, पत्र्याचा मोठा कूलर आहे. एसी का बसवत नाही असे कोणी विचारील, तर घर भाड्याचे आहे आणि तिथले वायरिंग मालकांच्या वडिलांच्या काळातले आहे. कूलर सुरू असला की पंख्याचा, मोटारीचा आणि थरथरणाऱ्या पत्र्याचा मिळून जो खालच्या पट्टीतला घरघराट होतो, तो नेमका किक (नाचाचा ठेका धरणारा जाड ठोका) आणि बेस (त्याखालचे खर्जातले सूर) यांच्या प्रदेशात येऊन बसतो. किकचा पाया साधारण 50-60 हर्ट्झच्या आसपास असतो. त्याच भागात खोली स्वतःच गुणगुणत असेल तर बेस कमी वाटतो आणि हात आपोआप तो वाढवत जातो. हेडफोन लावूनही हा घरघराट पूर्ण जात नाही. कूलर बंद केला, तर पंधराव्या मिनिटाला हेडफोनच्या गाद्या घामाने भिजतात आणि त्यानंतरचा प्रत्येक निर्णय ट्रॅकच्या भल्यासाठी नव्हे, तर कूलर लवकर सुरू करता यावा म्हणून घेतला जातो.

एकटा असताना एका मे महिन्यात मी सहा आठवडे खपून एक ट्रॅक केला आणि वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, लग्नातल्या ‘संगीत’च्या कार्यक्रमात, मोठ्या अपेक्षेने तो वाजवला. ड्रॉप, म्हणजे उत्कंठा वाढवून ठेका पूर्ण जोरात सुरू होण्याची जागा, आला तेव्हा ‘ढम’ ऐकू यायच्या जागी एक लांबलचक ‘घूं’ ऐकू आला; किक आणि बेस एकमेकांत इतके कालवले गेले होते की पाय कुठे टाकावा हे कोणालाच कळेना. नाचणारी मंडळी रागावली वगैरे नाहीत, पाणीपुरीच्या स्टॉलकडे सरकली. साउंडवाला मागून आला आणि शांतपणे म्हणाला, “भाऊ, याच्यात किक कुठं हाय बे?” मी काही उत्तर देण्याआधीच त्याने सबवूफरचा आवाज उतरवला. दुसऱ्या दिवशी तोच ट्रॅक मी जुन्या मित्राला त्याच्या घरी ऐकवला. त्याने अर्ध्या मिनिटात, चहाचा कप खालीही न ठेवता, जवळजवळ तेच शब्द उच्चारले. सहा आठवड्यांत मला जे ऐकू आले नव्हते ते दोन माणसांना पहिल्याच फटक्यात ऐकू आले, आणि दोघेही माझ्याहून जास्त शिकलेले नव्हते. ते फक्त त्या खोलीत बसलेले नव्हते.

त्यानंतर आम्ही जोडीने काम करू लागलो. पद्धत साधी आहे. कूलर तसाच मागच्या खिडकीत राहू दिला आणि मिक्सिंगचे टेबल पुढच्या खोलीत हलवले. एक जण पुढच्या खोलीत, कूलर बंद ठेवून, वीस मिनिटे बसतो. दुसरा दाराबाहेर, मागच्या खोलीत खाटेवर आडवा असतो. वीस मिनिटे झाली की बाहेरचा कूलरचे बटण पुन्हा चालू करण्याआधी दारात येऊन उभा राहतो, आत येत नाही. अर्ध्या उघड्या दारातून, शेजारच्या खोलीत झिरपणारा आवाज ऐकला की किक आणि बेसचे नाते स्पीकरसमोर बसण्यापेक्षा स्पष्ट कळते, असा माझा अनुभव आहे. मी काही मोजमाप ठेवलेले नाही. एवढेच सांगू शकतो की गेल्या दोन उन्हाळ्यांत साउंडवाल्याने सबवूफरला हात लावलेला नाही.

ज्यांच्याकडे आवाजबंद केलेली, एसीची खोली आहे त्यांना हा सगळा मुद्दा गौण वाटू शकेल आणि तो त्यांचा अनुभव योग्यच असेल. मी स्वतःही नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम एकटा काम करत होतो. माझा सर्वांत बरा एकल ट्रॅक डिसेंबरातला आहे. दुसरे म्हणजे, ज्याच्या डोक्यात स्वतःचा वेगळा ध्वनी आधीच वाजतो आहे त्याने गटाच्या नादी न लागलेलेच बरे. न्यूक्लिया या नावाने ओळखला जाणारा कलाकार आधी ‘बंदिश प्रोजेक्ट’ या गटाच्या संस्थापकांपैकी एक होता. गटाबाहेर पडल्यावर त्याने रस्त्यावरच्या ढोल-ताशाला बेस संगीतात ज्या धिटाईने आणले, तशी धिटाई चर्चेत टिकते की नाही याची मला शंका आहे. माझाही एक छोटा अनुभव याच बाजूचा आहे. गणपतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या संदलचा ठेका मिनिटाला 128 ठोक्यांच्या गतीवर बसवावा असे मला पहिल्यापासून वाटत होते. तिघांच्या गटात तो दोन विरुद्ध एक मतांनी नामंजूर झाला आणि एकटा असतानाच तयार झाला.

तिघे आणि दोघे यांतला माझ्या लेखी खरा फरक या मतदानात आहे. तिघांत बहुमत होते, आणि बहुमतात विचित्र कल्पना सर्वांत आधी मरते. दोघांत बहुमत नसते. पटवून द्यावे लागते किंवा सोडून द्यावे लागते, आणि पटवताना कल्पना बहुतेकदा सुधारते. संदलचा तो ट्रॅक जोडीदाराने पुन्हा उघडायला लावला, त्यातला अर्धा ताशा काढून टाकला आणि आज आमच्या प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट त्यानेच होतो.

जोडी करणाऱ्याने आपले एकट्याचे नावही जिवंत ठेवावे, असे मी नम्रपणे सुचवीन. ‘स्वीडिश हाउस माफिया’ या त्रिकुटातल्या तिघांचीही स्वतंत्र नावे होती. म्हणूनच 2013 साली गट थांबल्यावर त्यांच्यातले दोघे जोडीने आणि एक जण एकटा वाजवत राहिला, आणि 2018 मध्ये तिघे पुन्हा एका मंचावर येऊ शकले. आम्हीही हिवाळ्यातले दोन महिने आपापल्या नावाने काम करतो आणि एकमेकांना काही ऐकवत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यासाठी एकच बदल केला आहे. कूलरला जोडणाऱ्या तारेचे एक टोक वाढवून बटण दाराच्या पलीकडे, खाटेच्या उशाशी नेले आहे, त्यामुळे आत बसलेल्याला कितीही घाम आला तरी तो स्वतः कूलर सुरू करू शकत नाही. त्याला बाहेरच्याला हाक मारावी लागते, आणि बाहेरचा आधी ट्रॅक ऐकतो.